पाटी काढलेलं दार

३ मे २०२४, शुक्रवार

सुट्टी लागली आणि घर भरलं. नाशिकचा भाचा दुपारी आला तो सॅकमध्ये एक्सबॉक्स सिरीज एस घेऊन, टॉवेलात नीट गुंडाळून. अमेरिकेतल्या फ्रीमाँटहून भावाची लेक कालच उतरली. तिच्याकडे निन्टेन्डो स्विच. आमच्या चिरंजिवांचा प्लेस्टेशन फोर टीव्हीखाली बसलेलाच असतो. पाचपाखाडीतलं दोन खोल्यांचं घर, त्यात तीन यंत्रं, टीव्ही एक. भांडायला एवढं पुरे.

पण भांडण निघालं वेगळ्याच गोष्टीवरून. संध्याकाळी वानखेडेवर मुंबई-कोलकाता सामना होता. भाच्याने एक्सबॉक्सवर एज हा ब्राउझर उघडून स्कोअर लावला. लेक म्हणाला, त्यात काय, ब्राउझर पीएसफोरलाही आहे. त्यावर भाची म्हणाली, "स्विचला ब्राउझरच नाही. म्हणून तो कोणी हॅक करू शकत नाही. हो ना, आत्या?"

त्या 'हो ना'ने मला पंच केलं. मी बँकेत संगणक तपासणीचं काम करते. मुलांच्या लेखी ते काम म्हणजे दिवसभर लोकांच्या कुलपांना नावं ठेवणं. फार चूकही नाही. शेवटी प्रश्न कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला: कोणाचा ब्राउझर सगळ्यात सुरक्षित? निकाल जूनच्या पहिल्या रविवारी. ज्याचं यंत्र शेवटचं येईल त्याने उरलेली सुट्टी आंब्याच्या साली-कोयी खाली नेऊन टाकायच्या.

४ मे, शनिवार

पहिलाच दिवस आणि बातमी आयती. याच आठवड्यात पीएसफोरच्या अकराव्या आवृत्तीपर्यंतचं कुलूप उघडलं गेलं. अँडी न्गुयेन या संशोधकाने ती पद्धत जाहीर केली. हॅकर मंडळींच्या जगात त्याला 'द फ्लो' म्हणून ओळखतात. पद्धतीचं नाव ठेवलंय पीपीपोन.

वाचताना हसू आलं. आमच्याकडे बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा मोडेममध्ये 'पीपीपीओई' निवडून युजरनेम-पासवर्ड भरावा लागे. लाइनमन येऊन भरून द्यायचा आणि पासवर्ड बिलाच्या पाठीवर लिहून ठेवायचा. पीएसफोरला आजही तशी जोडणी करता येते. हल्ला नेमका तिथे आहे. यंत्राला केबलने एक संगणक जोडायचा आणि त्याने इंटरनेट कंपनीचं सोंग घ्यायचं. पीएसफोर रामराम करायला हात पुढे करतो, तेवढ्यात हा त्याच्या कर्नलमध्ये शिरतो. कर्नल म्हणजे सगळ्या किल्ल्या जिच्या कमरेला असतात ती घरातली मोठी बाई.

गंमत पुढेच आहे. पीएसफोरची व्यवस्था फ्रीबीएसडी नावाच्या खुल्या प्रणालीवर उभी आहे, आणि हा दोष अशा प्रणालींमध्ये २००६ सालीच नोंदलेला होता. त्याच्या क्रमांकाची सुरुवातच २००६ ने होते. अठरा वर्षांचा दोष, दहा वर्षांचं यंत्र.

लेकाला सांगितलं. तो खूश. "म्हणजे ब्राउझरची चूक नाही ना? मग हे धरायचं नाही." मुद्दा बरोबर आहे. हा हल्ला धरला नाही. पण तारखांतला हा उलटेपणा, दोष जुना आणि यंत्र नवं, कोपऱ्यात टिपून ठेवला.

६ मे, सोमवार

लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, म्हणून वंशावळ मांडली.

केडीई या मोफत डेस्कटॉपवर काम करणाऱ्या मंडळींनी १९९८ च्या सुमारास वेबपानं वाचणारं एक इंजिन लिहायला घेतलं, केएचटीएमएल. ॲपलने ते उचललं, आपल्या पद्धतीने वाढवलं, नाव दिलं वेबकिट, आणि जानेवारी २००३ मध्ये त्यावर सफारी आणला. २०१३ मध्ये गूगलने वेबकिटमधून फांदी फोडली, ती ब्लिंक. क्रोम त्यावर चालतो, आणि क्रोमियम या क्रोमच्या खुल्या पायाच्या वाटेने आजचा एजही.

आता आमच्या हॉलकडे बघायचं. पीएसफोरचा ब्राउझर वेबकिटवर. भाच्याच्या यंत्राचा आधीचा अवतार एक्सबॉक्स वन २०१३ मध्ये आला तो मायक्रोसॉफ्टचा घरचा इंटरनेट एक्सप्लोरर घेऊन. नंतर एज आला, आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून एक्सबॉक्सवरही क्रोमियमचा एज. म्हणजे बाजारात एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या कंपन्या आत एकाच आजीची नातवंडं. भाची म्हणते तिच्याकडे ब्राउझरच नाही. ते नंतर बघू.

पीठ एकच असेल तर चवीत फरक कशाने पडतो? कोणी ते कधी वाटलं, याने. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये ॲमस्टरडॅमच्या एका स्पर्धेत दोन डच संशोधकांनी वेबकिटमधली एक चूक वापरून आयफोन फोरएस उघडून दाखवला. ॲपलने नोव्हेंबरात ती बुजवली. पीएसफोर विक्रीला आला त्यानंतर वर्षाने, आणि ती चूक त्याच्या ब्राउझरमध्ये तशीच होती. २०१४ च्या ऑक्टोबरात १.७६ आवृत्तीच्या पीएसफोरचा ब्राउझर त्याच चुकीतून फोडला गेला.

असं का होतं, ते आमच्या कामात रोज दिसतं. कंपनी इंजिनची एक प्रत घेते, आपल्या यंत्रापुरती कापते, बेतते आणि तिथेच थांबवते. नवी प्रत घ्यायची तर सगळं पुन्हा तपासायला लागतं. तिकडे मूळ इंजिन मात्र रोज दुरुस्त होत असतं, आणि खुलं असल्यामुळे प्रत्येक दुरुस्ती कोणालाही वाचता येते. भिंतीला कुठे गिलावा केला ते दिसलं की भगदाड कुठे होतं ते कळतं. ज्याच्या घरी गिलावा पोचला नाही, त्याच्याकडे त्या खुणेवरून सरळ जाता येतं.

मुलुंड आलं तेव्हा लक्षात आलं, समोरची बाई माझ्या वहीत डोकावतेय. 'एकाच आजीची नातवंडं' वाचून तिला वाटलं असेल, घरात वाटणीचा दावा चालू आहे.

१० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया

आमरस, पुरी, कुरडया. जेवणानंतर ह्यांनी माळ्यावरून पीएसपी काढला. काळा, चपटा, २००५ च्या शेवटी हौसेने घेतलेला. मुलांना बटण दाबून दाखवलं. काही होत नाही. होणारही नाही.

त्याची गोष्ट अशी. त्या वर्षी जुलैत पीएसपीला २.०० ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत ब्राउझर. खिशातल्या खेळण्यावर वेबपान, तेव्हा केवढं अप्रूप! पण लोकांना हवी होती जुनी १.५०, कारण तिच्यावर स्वतः लिहिलेले, सोनीने मान्यता न दिलेले प्रोग्राम चालत. सप्टेंबरात वाट सापडली. २.०० मध्ये टिफ प्रकारचं चित्र उघडण्यात चूक होती. बिघडवलेलं चित्र वॉलपेपरच्या सोबतीने दाखवलं की यंत्र मागे नेता येई. चित्र बघणं हा गुन्हा नव्हे, पण यंत्राच्या दृष्टीने चित्र, गाणं, वेबपान हे सगळं बाहेरून आलेलं अन्न.

ऑक्टोबरात आणखी एक फाइल फिरू लागली. 'हिनेही आवृत्ती मागे नेता येते' असं सांगणारी. ती यंत्राच्या मूळ फाइलीच पुसून टाकायची. सिमँटेक या अँटिव्हायरस कंपनीने तिची नोंद घेतली आणि नावात 'ब्रिक' हा शब्द घातला. वीट. ह्यांनी अशीच एक फाइल उतरवली होती. कुठून, ते आज आठवत नाही. यंत्राची वीट झाली.

"बाबा, तुम्ही हॅक झालात?" भाच्याने विचारलं. ह्यांना काका म्हणताना त्याची जीभ घसरते. हे म्हणाले, "नाही रे. मी स्वतःच दार उघडून पाणी विचारलं."

१३ मे, सोमवार

दुपारी साडेचारच्या सुमारास आभाळ पिवळं झालं, धूळ उठली, मग पाऊस. वीज गेली. घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळल्याची बातमी फोनवर आली आणि घर गप्प झालं. हे त्याच बाजूने येणार होते. सातला पोचले तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला.

अंधारात चालू राहिला फक्त स्विच, बॅटरीवर. मुलं त्याच्याभोवती. मी त्यांना स्विचचीच गोष्ट सांगितली.

ऑगस्ट २०१६. संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या फोनवर संदेश आला, सोबत लिंक. त्यांनी ती दाबली नाही. टोरोंटोच्या सिटिझन लॅबकडे पाठवली. तिथे कळलं की लिंक दाबली असती तर एकापाठोपाठ तीन छिद्रांतून पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर आयफोनमध्ये उतरलं असतं. पेगासस हे नाव आपल्या वर्तमानपत्रांत २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या निमित्ताने आलं आणि २०२१ मध्ये पुन्हा गाजलं. तीनपैकी पहिलं छिद्र वेबकिटमध्ये होतं. ॲपलने २५ ऑगस्ट २०१६ ला ते बुजवलं.

स्विच बाजारात आला ३ मार्च २०१७ ला. सहा महिन्यांनी. आणि त्याच्या आत असलेलं वेबकिट होतं बुजवण्याआधीचं. दोन आठवड्यांच्या आत आयफोनची कुलपं उघडणाऱ्या एकाने तेच छिद्र स्विचवर चालवून दाखवलं.

भाची मध्येच थांबवते. "But आत्या, ब्राउझर नाहीये ना!"

आहे. मेन्यूत त्याचं चित्र नाही, एवढंच. विमानतळाच्या वाय-फायला जोडलं की लॉगिनचं पान यावं लागतं, म्हणून वेबकिट आत बसवलेलं असतं आणि गरज पडली की पुढे येतं. तिला पटलं नाही. वीज आली रात्री नऊला, विषय तिथेच राहिला.

तिच्या बाजूनेही लिहायला हवं. त्या छिद्रातून हल्लेखोर पोचला तो ब्राउझरच्या खोलीपर्यंत. निन्टेन्डोने ती खोली बाकीच्या घरापासून चांगली तोडलेली होती. स्विचला मोठा धक्का बसला एप्रिल २०१८ मध्ये, आणि त्याचा वेबशी संबंध नव्हता. आतल्या टेग्रा चिपच्या अगदी पहिल्या, कोरून ठेवलेल्या सूचनांमध्येच चूक निघाली. उजव्या जॉयकॉनच्या, म्हणजे सुट्या होणाऱ्या कंट्रोलरच्या, खाचेतल्या पिना पेपरक्लिपने जोडायच्या आणि यूएसबीतून आत जायचं. विकल्या गेलेल्या यंत्रांत ती चूक कुठल्याच अपडेटने दुरुस्त होणारी नव्हती.

१५ मे, बुधवार

भाचा जरा फुशारला होता. "मावशी, एक्सबॉक्सचं काहीच निघत नाही ना?" म्हणून त्याला पाच वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगितली.

२०१४, सॅन दिएगो. वडिलांचं खातं पासवर्डने बंद. मुलाने चुकीचा पासवर्ड टाकला, पुन्हा विचारणारा पडदा आला, त्यात याने नुसती स्पेसची बटणं दाबली आणि एंटर मारलं. एक्सबॉक्स वन उघडला. वडील संगणक सुरक्षेच्याच क्षेत्रातले. त्यांनी मायक्रोसॉफ्टला कळवलं. कंपनीने चूक दुरुस्त केली, मुलाचं नाव आपल्या संशोधकांच्या यादीत घातलं आणि चार गेम, पन्नास डॉलर व वर्षभराचं सदस्यत्व दिलं.

भाच्याने लगेच जाऊन स्वतःच्या एक्सबॉक्सवर स्पेस मारून बघितल्या. मग तोंड पाडून म्हणाला, "चालत नाही."

१८ मे, शनिवार

लेकाच्या कंट्रोलरची काडी आपोआप डावीकडे सरकते. म्हणून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून उपयोग नाही.

काडी बदलेपर्यंत जुन्या पीएसफोरची रांग बघत उभी राहिले. दोन यंत्रं तीच, तीच वर्षं, पण एकाचा भाव चढा. विचारलं. दुकानदार जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, ते नऊ शून्य आहे. अपडेट मारायचं नाही फक्त."

नऊ शून्य म्हणजे ९.०० आवृत्ती. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्यासाठी जोडी जमली होती. ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, मग विशिष्ट प्रकारे भरलेला पेनड्राइव्ह खुपसायचा, आणि कर्नल हातात. यंत्र बंद केलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून. एकदा हे झालं की फुकटचे गेम चालतात. दुकानदार विकतो ते त्याच वाटेसाठी.

मी आयुष्यभर शाखांना सांगत आले, अपडेट करा. इथे अपडेट न केल्याचे जास्त पैसे. ज्याला आमच्या अहवालात 'गंभीर त्रुटी' म्हणतात, ती इथे काचेच्या कपाटात मांडलेली.

लेकाचे डोळे चमकले होते. परतताना भायखळ्यापर्यंत तो गप्प. मग म्हणाला, "आई, पण मालक आपण ना? मग आपल्याच यंत्रात आपण काय चालवायचं ते कंपनी का ठरवणार?" उत्तर सोपं नाही. चोरीचे गेम नकोत, हे मी ठाम सांगितलं. पण स्वतः लिहिलेला प्रोग्राम स्वतःच्या यंत्रावर चालवावा असं वाटण्यात गैर काय, तेही कबूल केलं. एवढंच म्हटलं, ज्या यंत्राचं दार मुद्दाम उघडं ठेवलंय त्यात आपलं खातं आणि पैसे ठेवायचे नाहीत.

२० मे, सोमवार

सकाळी मतदान केलं. रांगेत दीड तास, उन्हाने जीव गेला. दुपारी एक्सबॉक्सचं प्रकरण काढलं.

मायक्रोसॉफ्टच्या टोनी चेन यांनी २०१९ मध्ये एका परिषदेत एक्सबॉक्स वनची तटबंदी समजावून सांगितली. ते भाषण ऐकताना मला आमच्या जुन्या मुख्य तपासनिसांची आठवण झाली; तेही असेच, कोणावर विश्वास नाही. मुख्य चिपच्या बाहेरचं सगळं परकं धरायचं: हार्ड डिस्क, डिस्कची ड्राइव्ह, तारा. आत दोन संसार वेगळे. एकात गेम, दुसऱ्यात ॲप आणि ब्राउझर, आणि दोघांवर हायपरव्हायझर नावाच्या पहारेकरी प्रोग्रामची नजर. ब्राउझर फुटला तरी चोर पोचतो तो ॲपच्या संसारात; गेमच्या बाजूला जायला पुन्हा भिंत. दहा वर्षं झाली, दुकानातून आणलेल्या एक्सबॉक्स वनवर फुकटचे गेम चालवण्याची वाट कोणी जाहीर केलेली नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त हुशारीची वाटते. २०१६ पासून थोडी फी भरून कोणीही आपल्या एक्सबॉक्सवर डेव्हलपर मोड चालू करू शकतो आणि स्वतःचे प्रोग्राम चालवू शकतो. लेकाने शनिवारी विचारलेल्या प्रश्नाचं हे एक उत्तर. कुलूप फोडणाऱ्यांतली निम्मी मंडळी नुसती आत डोकवायला आलेली असतात. त्यांना खिडकी ठेवली की ती कुलपाकडे बघत नाहीत.

पण भाषण संपल्यावर एक गोष्ट टोचत राहिली. या सगळ्या बेतात शत्रू कोण धरलाय? ज्याच्या हातात यंत्र आहे तो. म्हणजे गिऱ्हाईक. तट बांधलाय तो आमच्यापासून गेम वाचवायला. त्याच तटाने आमचंही थोडं रक्षण होतं, ही वरकड.

एका शाखेची तपासणी आठवते. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसं, रजिस्टर, सह्या, सगळं चोख. मागचं दार मात्र चहावाल्यासाठी दिवसभर उघडं, आणि त्या दाराजवळच्या कपाटात ग्राहकांचे अर्ज, फोटो, सह्यांचे नमुने. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, पैसे तर सुरक्षित आहेत ना?" बँकेचे होते. ग्राहकांचं काय, ते कोणी विचारलं नव्हतं.

२५ मे, शनिवार, महाबळेश्वर

सगळे मिळून दोन दिवस. हॉटेलच्या वाय-फायला खोलीचा नंबर आणि आडनाव टाकावं लागतं. फोनवर पान आलं, भरलं. भाचीने स्विच जोडला.

आणि स्विचच्या पडद्यावर तेच पान उघडलं. हॉटेलचा लोगो, रकाना, खाली इंग्रजीत अटी.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे ब्राउझर आहे."

स्विच जोडणी झाल्यावर निन्टेन्डोच्या एका ठरलेल्या पत्त्याला हाक मारतो. अपेक्षित उत्तर आलं तर ठीक. वेगळंच आलं तर समजतो की मध्ये कोणी दारवान आहे, आणि दारवानाने दिलेलं पान उघडतो. पत्ते सांगणारा डीएनएस आपल्या हातात असेल, तर दारवान आपणच होता येतं. सेटिंगमध्ये डीएनएस बदलून हवं ते पान उघडण्याची ही युक्ती स्विचवाल्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.

पीएसफाइव्हचंही तेच. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आहे. २०२० मध्ये तो आला तेव्हा सोनीने त्यात ब्राउझरचं चित्र ठेवलंच नाही. पण सेटिंगमधली वापरपुस्तिका हे वेबपानच आहे, आणि ते दाखवायला आत वेबकिट आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात ४.०३ आवृत्तीसाठी वाट निघाली ती याच पुस्तिकेतून, डीएनएस वळवून. पुढे कर्नलमध्ये शिरायला वापरलेला दोष पीएसफोरवर आधीच बुजवलेला होता. नव्या यंत्रात तो परत आला होता.

रात्री धुक्यात गॅलरीत बसून भाचीने स्वतःच वहीत लिहिलं, तिच्या वाकड्यातिकड्या देवनागरीत: 'पाटी काढली म्हणून दार जात नाही'. मी सांगितलं नव्हतं.

२८ मे, मंगळवार

परत ठाणे, परत उकाडा. आज फक्त दोन आकडे.

जून २०२० मध्ये सोनीने बक्षीस योजना उघडली: दोष शोधा, आम्हाला कळवा, पैसे घ्या. पीएसफोरमधल्या सर्वांत गंभीर दोषाला किमान ५०,००० डॉलर. प्लेस्टेशन नेटवर्कमधल्या सर्वांत गंभीर दोषाला किमान ३,००० डॉलर. नेटवर्क म्हणजे जिथे आपली नावं, पत्ते, खाती असतात ते.

हे वाचताना २०११ चा एप्रिल डोळ्यांपुढे होता. सोनीला २० एप्रिलला नेटवर्क बंद करावं लागलं, ते तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिलं. ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरांच्या हाती लागली: नावं, पत्ते, जन्मतारखा, पासवर्ड. ते चोर कोणाच्याही हॉलमधल्या यंत्रातून, कोणाच्याही ब्राउझरमधून आलेले नव्हते. मागच्या दाराने कंपनीच्या सर्व्हरमध्ये गेले होते.

आकड्यांची दुसरी बाजूही आहे. यंत्राचा दोष शोधायला महिने लागतात, म्हणून त्याचा दर मोठा. तरी दोन आकडे शेजारी ठेवले की मला ती शाखा दिसते, तिजोरी आणि कपाट.

आणि रोजचा धोका तर आणखी साधा आहे. कर्नल फोडणारा माणूस पाचपाखाडीतल्या मुलाच्या मागे लागत नाही. खोटं पान लावणारा लागतो, गेममधल्या पैशांचं आमिष दाखवून: 'फुकट व्ही-बक्स, इथे पासवर्ड टाका'. टीव्हीवर पत्त्याची ओळ कोणी वाचत नाही. कंट्रोलरने एकेक अक्षर टिपत पासवर्ड भरायचा तर तो अख्ख्या घराला आणि समोरच्या इमारतीलाही वाचता येतो. त्या कंटाळ्याने मुलं छोटा पासवर्ड ठेवतात, सगळीकडे एकच.

भारतात एक आधार आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवता येत नाही, बदली टोकन ठेवावं लागतं, शिवाय ओटीपी. भाचीच्या स्विचवर मात्र तिच्या बाबांचं अमेरिकन कार्ड जोडलेलं. ओटीपी वगैरे काही नाही. बटण दाबलं की पैसे गेले.

२ जून, रविवार

निकालाचा दिवस. फ्रिजवरचा कागद काढला, मागच्या बाजूला लिहिलं.

ब्राउझरपुरतं बोलायचं तर पहिला एक्सबॉक्स. इंजिन ताजं, कारण संगणकावरच्या एजचंच; आणि फुटलं तरी गेमपासून भिंतीआड. दुसरा स्विच. ब्राउझर आहे, पण लपलेला, क्वचित बाहेर येणारा. 'नाही म्हणून सुरक्षित' हा दावा रद्द, आणि तो भाचीनेच मागे घेतला. तिसरा पीएसफोर. दार सगळ्यात मोठं, पीठ सगळ्यात शिळं, आणि वर्षानुवर्षं हल्ले त्याच दाराने झालेले.

लेकाने अपील केलं: पीपीपोन ब्राउझरमधून नाही! फेटाळलं. ते मुळात धरलंच नव्हतं.

मग खाली घरासाठी नियम लिहिले. कुठल्याही यंत्रावर बँक, मेल, खरेदीची पानं उघडायची नाहीत. त्यासाठी अपडेट केलेला फोन आहे. अपडेट आलं की त्याच दिवशी. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी. संदेशात आलेली लिंक टीव्हीवर दाबायची नाही. हॉटेलच्या वाय-फायवर स्विच खेळायला, खरेदीला नाही. जुनं यंत्र विकत घेतलं तर आवृत्ती बघून घ्यायची, आणि दुकानदार 'अपडेट मारू नका' म्हणाला तर पैसे परत खिशात.

रात्री नऊला भावाला फोन लावला, तिकडे सकाळचे साडेआठ. तो डोळे चोळत म्हणाला, "ताई, सकाळी सकाळी ऑडिट?" पण बोलता बोलता त्याने खात्यावरून कार्ड काढलं. आता भाचीला हवं तेव्हा तो ठरावीक रकमेचं गिफ्ट कार्ड भरून देणार.

लेकाने सोनीच्या खात्याचा पासवर्ड बदलला, सोळा अक्षरी, फोनवरून. मग कुरकुरत सालींची बादली घेऊन तीन मजले उतरला.